तंबाखूपुरती सुट्टी
शेजारी कुणी तंबाखू मळायला लागलं, की चुन्याच्या त्या वासासरशी मला दिंडोरीकडचं द्राक्षांचं पॅकहाऊस आठवतं आणि अजूनही डोकं फिरतं. कंटेनर संध्याकाळी निघायलाच हवा, म्हणून सकाळपासून शीतखोलीच्या गारठ्यात उभ्यानं क्रेट उचलायचे. बोटं बधिर व्हायची, पाठ भरून यायची. एकदा मी सुपरवायझरला म्हणालो, "साहेब, पाच मिनिटं बसू का? पाठ लय दुखते." तो खेकसला, "बसायला आलास का कामाला?" तेवढ्यात शेजारच्या गड्यानं नुसती पुडी दाखवली. आत तंबाखूला बंदी, म्हणून त्याला लगेच, "जा बाहेर, पण लवकर ये!" म्हणजे माणूस थकला तर कामचोर, आणि तलफ आली तर हक्काची सुट्टी! दुसऱ्या दिवशी मीही पुडी दाखवली. पहिल्याच चिमटीनं गरगरलं, उलटी झाली, पण उन्हात पायरीवर टेकायला मिळालं. मग हंगामभर तसाच टेकत गेलो, आणि सवय लागली ती लागलीच. परवा तोंड नीट उघडेना म्हणून दवाखान्यात गेलो, तर डॉक्टर चिडून म्हणाले, "कशाला हवी होती तंबाखू?" अहो, तंबाखू कुणाला हवी होती? मला नुसतं बसायचं होतं!