वाळ्याची ताटी आणि देवराव

मंडळी, आज दुपारी एसी बंद पडला. खिडकीला ओली चादर टांगली आणि कॉलेजातला माझा रूम पार्टनर देवराव आठवला. लगेच त्याच्या गावी, कळमेश्वरला, फोन लावला.

सत्तरच्या दशकात धरमपेठेतल्या आमच्या खोलीत पंखा नव्हता. खिडकीला गारव्यासाठी वाळ्याची ताटी, म्हणजे वाळ्याच्या मुळांचा पडदा, होती. एप्रिलमध्ये, ऐन परीक्षेत, तासातासाला तिच्यावर पाणी मारायचं. पाळ्या ठरलेल्या.

"माही पाळी मले आठवतच नाही गा," मी फोनवर हसत म्हणालो.

"तुह्या पाळीले मीच मारत होतो. तू अभ्यास करून राहिला होता न!"

त्या वर्षी मला फर्स्ट क्लास मिळाला. देवराव नापास झाला, आणि मी त्याला तोंडावर आळशी म्हटलं होतं.

तुमच्या पाळीचं पाणी कोण मारत होतं, कधी विचारलंत?