अनावश्यक बोलणे

“गोड बोललीस. पण ऐकलंस का?” एवढं म्हणून आमच्या सुपरवायझर बाई कानावरचा हेडफोन उतरवायच्या आणि चष्मा पुसायला घ्यायच्या. तो पुसून होईपर्यंत समोरच्या मुलीचा जीव टांगणीला.

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आम्ही मुली ट्रंककॉल, म्हणजे परगावचे फोन, जोडायचो. बाई मधूनच आमच्या लाइनीवर येऊन ऐकायच्या आणि आमच्या बोलण्याला शेरा द्यायच्या. ते त्यांचं कामच होतं. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. पण ते येताना निदान चपला तरी वाजत असतील. बाई आल्या की लाइनीत फक्त बारीकसं ‘टक्’ व्हायचं.

माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. कायम व्हायचं की घरी बसायचं, ते बाईंच्या शेऱ्यावर. नेमका त्याच आठवड्यात श्रीपूरहून एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. मुलगी इथल्या दवाखान्यात बाळंतपणाला आलेली, आणि दवाखान्याचा नंबर काही लागेना. नियमाप्रमाणे ‘बिझी आहे’ म्हणून मी लाइन सोडायला हवी होती.

“थांबतो की, ताई,” ते म्हणाले. “पर तुमी बोलत ऱ्हावा. जीव थाऱ्यावर न्हाय बगा.”

मग मी विचारलं, पहिलीच खेप का? ते सांगत राहिले, पोरीच्या हुरड्याच्या वेडापासून तिच्या कुरळ्या केसांपर्यंत. मध्येच ‘टक्’ झालं. माझा हात लाइन सोडायला गेला, पण त्यांचं वाक्य अर्धं होतं. ते मला तोडवेना. शेवटी नंबर लागला. नात झाली होती, मायलेकी सुखरूप.

दुसऱ्या दिवशी बाईंनी बोलावलं. समोर छापील फॉर्म, त्यात ‘अनावश्यक बोलणे’ असा रकाना. बाई कितीतरी वेळ चष्मा पुसत होत्या.

“त्यांचा आवाज सुरुवातीला कसा होता?”

“कापरा होता, बाई.”

“आणि नंतर?”

“केसांचं सांगताना हसले ते.”

बाईंनी रकान्यात लिहिलं, ‘आढळले नाही’, आणि खाली सही केली. मी जिन्यात बसून पोटभर रडले. इतकं हलकं मला पुढे क्वचितच वाटलं.

बाई निवृत्त झाल्या आणि ते ‘टक्’ही बंद झालं. खरं सांगते, मला चुकल्यासारखं व्हायचं. एका दुपारी माझ्या बोर्डावर त्यांचाच आवाज आला. माळशिरसला बहीण आजारी होती, आणि तिथला नंबर लागत नव्हता.

“थांबते मी,” त्या म्हणाल्या. “तू लाइनीवर राहा.”

मी फारसं बोललेच नाही. बाईच बोलल्या, बहिणीबद्दल, मग लहानपणाबद्दल. नंबर लागला तेव्हा जोडण्याआधी मी विचारलंच, “बाई, आजचा शेरा काय?”

पलीकडे बाई चष्मा पुसत असाव्यात.

“ऐकलंस,” त्या म्हणाल्या.