पेडगावच्या आंब्याच्या गुट्या उतरवायला गेले तेव्हा

दिवाळी झाली तशी मी संभाजीनगरहून निघाले. रस्ता रुंद होणार आणि पेडगावचा आमचा आंबा त्यात जाणार, हे पावसाळ्यातच कळलं होतं. आईनं कोय पुरून वाढवलेलं झाड. आई गेलीच, आता तेही. कोयीतून तीच चव उतरेल याचा भरवसा नसतो, म्हणून नव्या फुटींवर मी गुट्या बांधल्या होत्या, म्हणजे फांदीलाच मुळं धरवून मग ती कापून लावायची: सालीचं कडं काढलं, वरच्या काठाला मुळं फुटायचं संजीवक लावलं, ओलं शेवाळ गुंडाळून वर प्लास्टिक. आंबा मुळं धरायला महा हट्टी. धरली तर आईचं झाड माझ्या अंगणात, नाहीतर संपलं.

एसटीनं जाणार असाल तर देवगाव फाट्याला चहा घ्या, पुढं जिंतूरपर्यंत कंबर ढिली होते. परभणीत रोपांच्या पिशव्या घेतल्या. पेडगावची रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा चिडचिड घरीच ठेवून या. मला ते जमलं नाही.

झाडाच्या खालच्या फांद्या बोडक्या होत्या. चुलत काकू अंगणात भांडी घासत होती.

“काकू, माझ्या गुट्या?”

“शेजारच्या पोरीचं लगीन हाय. मांडवडहाळ्याला लोक आले. झाड जायचंच हाय, म्हणलं न्या. लेकीच्या मांडवाला न्हाई कसं म्हणावं?”

“आणि ती प्लास्टिकची गाठोडी?”

“तू नवस बांधला असशील म्हणलं. आमी बायांनी सोडून देवापुढं ठिवली.”

शेवाळ खरंच देव्हाऱ्यात होतं, वर हळदकुंकू. काकूवर ओरडावं तरी कसं?

मांडवात गेले. पानं कोमेजली होती. एक डहाळी वाकवून पाहिली. कड्याच्या वरच्या काठाला बोटभर मुळं फुटलेली, वाळून काड्या झालेली. दुसरी पाहिली, तिलाही. नवरीची आई म्हणाली, “जेवल्याबिगर जायचं न्हाई बरं.” त्याच मांडवाखाली बसून मी वरणभात गिळला.

दोन डहाळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या, पिशव्यांत लावल्या. पानं गळली, खोड काळं पडलं. कुणाला असं करायचं असेल तर संजीवक काम करतं, एवढं नक्की सांगते. मुळं फुटलीच नसती तर मी निदान शांत झोपले असते.

परवा काकूचा फोन आला. झाड पाडलं म्हणे. “रस्ता लय चांगला व्हायलाय. आता येत जा.”

बरं म्हणाले. अंगणात खणून ठेवलेला खड्डा होता, तो संध्याकाळी बुजवून टाकला.