लिंबाने पुसलेला समुद्र

गेल्या दसऱ्याला माझ्या हातून एक समुद्र पुसला गेला. म्हैसूरला समुद्र नाही, हे मला ठाऊक आहे. तरी पुसला!

आम्ही मंडी मोहल्ल्यातले शिंपी. आयुधपूजेच्या आधी कात्री, मशीन, इस्त्री, सगळी हत्यारं लख्ख करायची आणि मग कुंकू लावायचं, ही घरची रीत. माझी लेक शुभा सुट्टीला आली ती कॉलेजचा मायक्रोस्कोप घेऊन.

"अप्पा, बघा. समुद्राच्या तळातल्या गाळाच्या एका थरातली, बारीक जिवांची कवचं. फार जुनी. तेव्हा पाणी ऊन होतं की गार, ते ह्यांच्यावरून कळतं."

मी डोळा लावला. अहाहा! जिलबीएवढे वेटोळे, बोंड्याएवढे गोळे! (उपमा माझ्या. शास्त्राला दोष देऊ नये.)

दुसऱ्या दिवशी शुभा फुलं आणायला गेली आणि मी तिच्या हत्यारांकडे वळलो. काचेखाली काळ्या पुठ्ठ्याची पट्टी, तिच्यावर पांढरी धूळ! आमच्या घरात पांढरं दिसलं की ते कापडावर आखायच्या खडूचंच. नुसत्या डोळ्यांना जिलब्या कुठेच दिसेनात!

"अहो, तिचं तिला करू दे," बायको ओरडली. "सुम्मने गप बसा!"

गप? आयुधपूजेला? मी काच सरकवली आणि कात्रीचा गंज काढायला चिरून ठेवलेलं लिंबूच पट्टीवर चोळलं. बारीक बुडबुडे आले. मळ निघतोय म्हणून मी खूश! मग कुंकू लावलं.

शुभा आली. बराच वेळ मायक्रोस्कोपात बघत राहिली.

"खडू होता गं. काढला!"

"कवचं होती, अप्पा. आंबट पाण्यात विरघळतात."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती आपला बारीक ब्रश पुसत बसली. त्याच्या ओल्या टोकाने एकेक कण उचलण्यात तिचा अख्खा उन्हाळा गेला होता. माझं एक काज कुणी उसवलं तर मी दिवसभर धुसफुसतो. मला तोंड वर करवेना.

पट्टी रिकामी आहे, एवढंच तिने सरांना कळवलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. तिने तो स्पीकरवर ठेवला. (मुद्दाम!)

"गाळ उरलाय, पुन्हा वेचू. पण शुभा, हा एकच थर साफ रिकामा कसा? पाणी एकाएकी आम्लधर्मी झालं होतं की काय?"

"हो, सर."

"कारण?"

शुभाने माझ्याकडे पाहिलं.

"स्थानिक आहे, सर. आत्ता समोर बसून केसरीभात खातंय."