सतरा दिवस थांबलेले पाकीट

हे मी आजवर कोणालाच, घरातही, सांगितलेले नाही. ते पाकीट डाकघरात पडून राहिले नव्हते. सतरा दिवस ते माझ्या टेबलाच्या खणात होते.

नागपूरच्या कॉलेजातले आम्ही सातजण. पुढे पांगलो. मी मलकापूरला मास्तर झालो, आणि ज्याची ही गोष्ट, तो जानेफळला. एकमेकांना धरून ठेवायची युक्ती त्याचीच. एक जाड पाकीट सातही जणांत फिरायचे. आले की आपली जुनी चिठ्ठी काढायची, नवी घालायची आणि दोन दिवसांत पुढच्याकडे रवाना करायचे. "शिळी भाकर चालते बे, शिळी खबर नाही चालत," हे त्याचे नेहमीचे.

गावचे डाकघर त्याच्या शाळेच्याच कोपऱ्यात, आणि त्याच्याच गळ्यात. तोंडाने पाढे, हाताने टपालावर शिक्के. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आमच्यातला एकजण तहसीलदार झाला आणि चिठ्ठीत फक्त अपचनाबद्दल लिहू लागला. जानेफळचा आमचा मास्तर मलकापूरला आला की ती मोठ्याने वाचायचा. "याच्या पोटाची खबर साऱ्या वऱ्हाडाले झाली बे!" आणि हसता हसताच कोणाचे दात पडले, कोणाच्या मुलीचे जमत नाही, सारे विचारून घ्यायचा.

एका वर्षी मला डावलून हेडमास्तरकी माझ्याहून धाकट्या माणसाला दिली. त्याच आठवड्यात पाकीट आले. वरचीच चिठ्ठी कोणाच्या तरी बढतीची. मी पाकीट खणात टाकले.

तळाशी अमरावतीच्या मित्राची चिठ्ठी होती. कॉलेजात तो जानेफळच्या मास्तराच्याच खोलीत राहायचा. याच्यासाठीच त्याने लिहिले होते, "आता उठवत नाही. वेगळे पत्र लिहायला हात चालत नाही. एकदा येऊन जा." ती मी सतराव्या दिवशी वाचली. तेव्हाही तार केली नाही. तारेने माझा उशीर उघडा पडला असता. चार ओळी खरडून पाकीट जानेफळच्या टपालात टाकले.

मिळाले त्याच दिवशी तो निघाला. अमरावतीला पोचला तेव्हा मित्राला जाऊन दोन दिवस झाले होते.

परतताना वाट वाकडी करून तो माझ्याकडे आला. चिठ्ठीवरची तारीख दाखवली, मग पाकिटावरच्या मलकापूरच्या शिक्क्यावर बोट ठेवले.

"काऊन बे?"

"काय लिहावं, सुचत नव्हतं."

त्याने चिठ्ठी घडी करून पाकिटात घातली. मग म्हणाला, "मंग तेच लिहायचं होतं ना बे."

चहा घेतला, पोरांची चौकशी केली आणि गेला.

पुढच्या फेरीत त्याची चिठ्ठी होती : "मागचे पाकीट माझ्या डाकघरात पडून राहिले. दोष माझा. सर्वांनी क्षमा करावी." मी ती वाचली, माझी चिठ्ठी घातली आणि दोन दिवसांत पाकीट पुढे पाठवले.

गेल्या साली तो वारला. पाकीटही थांबले. उरलेले चौघे भेटतात तेव्हा त्याच्याबद्दल भरभरून बोलतात. मग कोणीतरी म्हणतोच, "सारं खरं, पण त्या एका वेळेस हयगय केली लेकाने." मी मान हलवतो.

त्या चौघांना खरे काय ते मी अजून लिहिलेले नाही. तेवढे त्याचे देणे माझ्याकडे आहे.