कोपर बघितल्याशिवाय

सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म, भरून आले आणि दुसऱ्याच दिवशी मला टेबल हवंसं वाटायला लागलं. वय बेचाळीस. शाळा सुटली सातवीत. नवरा सोडून ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. नापास झाले तर निदान हसणारी माणसं कमी असावीत.

मीरा रोडच्या दुकानांत चार संध्याकाळी हिंडले. टेबलं चकाचक, पण बोटानं वाजवली की पुठ्ठ्यासारखी बोलायची. "मॅडम, इंजिनियर्ड वूड है," दुकानातला मुलगा म्हणाला. कडेची पट्टी सुटली होती तिथं मी नख घातलं. आत भुसा. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसा काही तो मीच भरला होता.

शेवटी शेजारणीनं गोडदेवच्या एका सुतारांकडे पाठवलं. मूळचे जवळच्याच राई गावचे, वय साठीच्या पुढे.

"भाऊ, टेबल करायचं आहे. अख्ख्या लाकडाचं."

"भाऊ? नागपूरची काय गं तू, बाय?"

"चंद्रपूरकडची."

"मंग तुझ्याच गावचा माल हाय माझ्याकडं." भिंतीला टेकवलेली फळी त्यांनी थोपटली. "सीपी."

"सीपी म्हणजे काय?"

"सीपी म्हंजे सीपी. एक नंबर साग."

एवढ्यानं माझं समाधान होईना. मी पुन्हा विचारलं, तसं त्यांनाही राहवेना. त्यांनी थेट वखारीत फोन लावला. तिथल्या म्हाताऱ्या शेटनं सांगितलं, इंग्रजांच्या वेळी आमच्या भागाला सेंट्रल प्रॉव्हिन्सेस म्हणायचे, त्याचं हे सीपी. "बघ, एवढी वर्षं बोलतोय, आज कळला," सुतार म्हणाले. इंग्रज गेले, ते राज्यही गेलं, नाव तेवढं लाकडाला चिकटून राहिलं. आम्ही घरी याला सागोन म्हणायचो. मी फळीला नाक लावलं. माझे बाबा जंगलखात्याच्या डेपोत ओंडक्यांवर हातोड्यानं नंबर ठोकायचे. त्यांच्या सदऱ्याला हाच वास यायचा. इतक्या लांब येऊन तो भेटला म्हणून डोळ्यांत पाणी आलं, ते मी भुशावर ढकललं.

"बसनारा कोन?" त्यांनी विचारलं.

"मुलगा," तोंडातून निघून गेलं. मला एकच मुलगी आहे, ती लग्न होऊन नाशिकला असते.

"आन त्याला. कोपर बघितल्याशिवाय मी लिहायचा टेबल न्हाय करीत. टेबल उंच झाला का खांदे दुखतात, खाली झाला का पाठ जाते."

"तो गावाला गेलाय. सातवीत आहे."

"मंग उंची दाखव."

मी हवेत हात धरला. नसलेल्या मुलाच्या डोक्यावर. त्यांनी जमिनीपासून माझ्या तळव्यापर्यंत टेप लावला, मनाशी काही हिशेब केला आणि कामाला लागले.

घरी येऊन स्वयंपाकाच्या ओट्याशी स्टूल ओढून बसले तेव्हा कळलं, आपण काय करून बसलो. त्या टेबलाखाली माझे गुडघे तरी जाणार होते का? आणि एकदा कापलेलं लाकूड वाढत नाही. सकाळी, मी कामाला जाते त्या पोळीभाजी केंद्रात उशिरा येते म्हणून कळवलं आणि गोडदेवला धावले.

दोन पाय कापून झाले होते, तिसरा मशीनखाली.

"थांबा! भाऊ, थांबा. मुलगा नाही."

त्यांनी मशीन बंद केलं. चेहरा पार उतरला. "न्हाय म्हंजे? काय झाला गं त्याला?"

"अहो, तसं नाही! नव्हताच कधी. मीच बसणार आहे. दहावीला."

ते खुर्चीत बसले आणि खोकला येईपर्यंत हसले. "सातवीतला पोऱ्या एका दिवसात बाय झाला! मला वाटला, गेला बिचारा."

मीही हसले. "ते दोन पाय माझ्यामुळे वाया गेले ना?"

"वाया कशाला? खालच्या आडव्या पट्ट्या होतील त्याच्या. खोटा बोलायचा होता तर उंच पोरगा तरी सांगायचा." ते खुर्चीवरून उठले. "ये, बस हितं."

दोन खोक्यांवर एक फळी टाकून त्यांनी ती माझ्यापुढे ओढली, हातात पेन्सिल दिली. "लिही कायतरी. लिहिताना कोपर कुठं येतो ते बघू दे."

काय लिहावं सुचेना. मग मी फॉर्मवर लिहिलं होतं तसंच लिहिलं: माझं पूर्ण नाव, त्याखाली इयत्ता दहावी. अक्षर वेडंवाकडं आलं. मी चटकन त्यावर हात ठेवला.

"हात हलवू नको," ते म्हणाले.

त्यांनी फळीखाली लाकडाचा एक तुकडा सरकवला, मग दुसरा, मग पहिला काढून घेतला. मी काय लिहिलंय ते त्यांनी एकदाही वाचलं नाही. सगळं लक्ष माझ्या कोपराकडे होतं. याबद्दल त्यांचे आभार कसे मानायचे, मला कळलं नाही. मी हात उचलला आणि पुढची ओळ लिहायला घेतली.