शून्य अंशांच्या टाक्या

पुण्याची नोकरी सोडून मी पेणला आईवडिलांकडे परतले, ती घरूनच काम करायचं ठरवून. पहिलं मोठं काम आलं ते रोह्याच्या एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कंपनीचं. टाक्यांचं तापमान दाखवणारा जुना कॉम्प्युटर बंद पडला होता. नव्यासाठी ड्रायव्हर, म्हणजे टाक्यांवरच्या यंत्रांकडून आकडे कॉम्प्युटरला आणून देणारा छोटा प्रोग्राम, मी लिहिला. बसवला, तर पडद्यावर प्रत्येक टाकीपुढे शून्य अंश.

"धगीनं टाकीजवळ उभं ऱ्हावत नाय मॅडम, आनि ह्यो शून्य सांगतोय," ऑपरेटर म्हणाले. कासू गावचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. पडद्याचा भरवसा नाही म्हणून ते सारखे उन्हातून टाक्यांवरचे काटे वाचून येत होते.

मॅनेजर आवाज न चढवता म्हणाले, "हे चालू झाल्याशिवाय तुम्हाला सोडता येणार नाही."

मोबाइल गेटवर जमा. खोलीला खिडकी नाही. माझा ड्रायव्हर वेगळा तपासला की तापमान नीट यायचं. आकडे बिघडायचे ते पडद्यावर दाखवणाऱ्या कंपनीच्या जुन्या प्रोग्राममध्ये, आणि तो बदलता येत नव्हता. लिहिणारे कधीच गाशा गुंडाळून गेले होते. संध्याकाळी घरी सोडलं ते परत यायच्या बोलीवर, सकाळी पुन्हा तीच खुर्ची.

शेवटी मेमरीतला एकेक बाइट छापून पाहिला. जुना प्रोग्राम बत्तीस बिटांचा. प्रत्येक नोंदीत तापमानाआधी वेळ यायची, तिच्यासाठी तो चार बाइट धरायचा. नवा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आठ देत होता. त्यातले पुढचे चार नुसती शून्यं. प्रोग्राम तीच तापमान म्हणून उचलत होता, खरा आकडा त्यांच्याही पलीकडे पडलेला. मागणी जुन्या प्रोग्रामची असेल तर उत्तर जुन्याच मापात द्यायचं, एवढं मी ड्रायव्हरमध्ये घातलं.

ऑपरेटर काट्यांशी आकडे ताडून आले. "व्हय, जुळतंय," म्हणाले आणि पहिल्यांदाच खुर्चीत टेकले.

मी बॅग उचलली. मॅनेजर म्हणाले, "आता हे तुमच्याशिवाय कुणाला कळणार?"

तेव्हापासून तिथे काहीही अपडेट केलं की मला फोन येतो. दर वेळी नाही म्हणायचं ठरवून उचलते. मग त्या टाक्यांकडे उन्हातून चालत जाणारे ऑपरेटर आठवतात, आणि मी विचारते, "कधी येऊ?"